दहा सह्या अन् दोन मतं

दौलत गा, तुह्यावर लिवाचं काम गल्लीनं माह्यावर टाकलं. आपल्या गल्लीत बीए झालेले आहे, एक मास्तर आहे, एक वकील आहे. अन् काम देल्लं कोणाले, तं ज्याले बसची पाटी बी दुसऱ्याले विचारा लागते त्याले. तुह्या आठवणीच्या, पुण्यानुमोदनाच्या दिवशी वाटाले छोटीशी पुस्तिका काढून राहिले. वकील म्हणे, "नत्थुभाऊ, तुमी रोज त्याच्यासंगं होते, तुमीच बोला. लिवून घेईन कोणी तरी." कोणी तरी म्हटलं की सारे आपल्या चपला शोधते. मंग शेवंतावयनी आतून वही घेऊन आल्या. म्हणे, "बोला भाऊजी, मी लिवते. सातवी शिकली आहो, तेवढं जमते."

मी म्हटलं, "वयनी, तुमच्याच नवऱ्यावर तुमीच लिवता?"

"चार महिने त्यायच्यासंगं बोलता नाही आलं. लिवू तं द्या."

तं असं आहे गा. तोंड माहं अन् हात वयनीचा. तू नेहमी म्हणे, नत्थ्या, तुह्याकडे तोंड सोडून दुसरं काहीच नाही. तेच घेऊन बसलो आहो.

एक गोष्ट पहिलेच सांगून ठेवतो. तू जाताना वयनीवरचा एक आळ तसाच ठेवून गेला. तो मले उतरवाचा आहे, अन् वयनीच्या समोरच उतरवाचा आहे. पण माहं तुले माहीत आहे. नंदनवनातून हिंगण्याले जाचं असलं तं मी ऑटोतल्या सवारीले लांबून धरमपेठ दाखवून नेतो. म्हणून थोडा धीर धर. पोचतो मी. वयनी बी म्हणून राहिल्या, "भाऊजी, हळू बोला, माह्याच्यानं एवढं पटपट लिवणं होत नाही." मले बी घाई नाही, वयनी. बिलकूल नाही.

दौलत, तुही-माही दोस्ती बी माह्या गलतीनंच झाली. तू हिंगण्याच्या कंपनीत लेथवर. पहाटे साडेपाचची कंपनीची बस. मी ऑटो मांगं घेतला अन् तुह्या सायकलचं चाक पापडासारखं करून टाकलं. बस गेली. मी म्हटलं आता मार खातो. तू सायकल भिंतीले टेकवली, ऑटोत बसला अन् म्हणे, "चाल. हजेरी बंद व्हाच्या आत पोचव." पुरा रस्ता मी मांगं वळून वळून माफी मागत गेलो, अन् पुरा रस्ता तू म्हणत गेला, "समोर पाय बे." पोचलो तं गेट बंद. तुही अर्धी हजेरी कापली. संध्याकाळी मी नवं चाक घेऊन तुह्या घरी आलो. तू घरी नव्हता. वयनीनं चहा देल्ला. तो चहा बावीस वर्षं झाली, मी पिऊनच राहिलो.

तुले हजेरीचं भारी वेड. मले शाळेचं तोंड माहीत नाही, कारखान्याचं गेट माहीत नाही. माही कुठंच कधी हजेरी लागली नाही. माह्या लग्नात बी मी उशिरा आलो, वरात माह्या ऑटोत होती अन् ऑटो बंद पडला होता.

तं मंग झालं असं, की आपले खासदार वारले अन् जागा खाली झाली. आपली जागा म्हणजे काट्याची. कधी हा येते, कधी तो येते, अन् दोघायच्या मधात एक बस भरून माणसायचाच फरक राहते. म्हणून यावेळेस दोन्हीकडचे मोठे मोठे लोक उतरले. ज्या गल्लीत कचऱ्याची गाडी येत नाही त्या गल्लीत दिल्लीचा माणूस आला. नाल्यापाशी उभा राहिला, नाकाले रुमाल लावला, फोटो काढला, गेला. नाल्याची भिंत पडून तीन वर्षं झाली. दरसाल पाणी घरात. वयनीचा वर्षाचा गहू दोनदा नासला. माह्या घरात पाणी आलं तं मी खाटेवर बसून शेजाऱ्यायले म्हणत होतो, या, माह्याकडे आता तलावाच्या काठचं घर आहे. सारे हसले. तू नाही हसला. तू म्हणे, "नत्थ्या, तुह्या अशा हसण्यानंच ते भिंत बांधत नाही."

अन् दिल्लीचा माणूस गेला त्या संध्याकाळी तू माह्या ऑटोत येऊन बसला. "मी उभा राहून राहिलो."

मी म्हटलं, "बसला तं आहे."

"निवडणुकीले बे."

आपल्या गल्लीतला बंडू, पार्टीचं काम पाहणारा, तो बाजूलेच उभा होता. त्यानं तं पोट धरलं. "दौलतभाऊ, खासदारकीले नाल्यावर उभं राहते का कोणी? नाला नगरसेवकाचा विषय आहे."

तू म्हणे, "नगरसेवकाले विचारलं तं तो म्हणते वरून मंजुरी नाही. आमदाराले विचारलं तं तो म्हणते वरून नाही. मंग मी वरच जाऊन पाहतो, तिथं कोण बसलं आहे ते."

बंडूचं तोंड बंद झालं. माहं उघडं राहिलं. तुही अक्कल पाहून नाही गा, तुही भीती वाटली म्हणून.

अपक्षाले दहा सूचक लागते. दहा मतदारायनं सही कराची, की हा माणूस उभा राहावा असं आमाले वाटते. तू एका संध्याकाळी नऊ सह्या जमवल्या, आपल्याच गल्लीतून. मास्तरनं देल्ली, वकिलानं देल्ली, किराणावाल्यानं देल्ली, वयनीनं देल्ली. दहावा मी. तुनं म्हटलं, "नत्थ्या, अंगठा नको लावू. सही कर." अन् तू आठ दिवस मले माहं नाव शिकवत बसला. 'न' जमला. पण त्याच्या पुढचं अक्षर, बाप्पा! माह्या बापानं नाव ठेवताना जरा इचार करा लागत होता. एवढं गुतलेलं अक्षर गरिबाच्या पोट्ट्याले कोण देते? तू माहा हात धरून धरून लिवून घेतलं. तुह्या हाताले लेथच्या तेलाचा वास, रिटायर होऊन दोन वर्षं झाले तरी. साऱ्या जिंदगीत तेवढ्याच आठ दिवसांत कोणी माहा हात धरून काही शिकवलं असन. अन् निवडणुकीच्या साहेबाच्या टेबलापुढे गेलो, तं 'न'चाच साप झाला. साहेब म्हणे, अंगठा असन तं माह्यासमोर लावा लागते. लावला. तू बाहेर येऊन म्हणे, "असू दे. माणूस खरा पायजे, सही नाही."

हे वाक्य मले अजूनही चावते.

चिन्ह भेटलं नेलकटर. तू नाराज झाला. मी म्हटलं, "दौलत, हत्यार तं हत्यार, लहान असलं म्हणून काय झालं." मी प्लायवूडचं नेलकटर बनवलं, माणसाएवढं, चांदीचा रंग मारला, ऑटोच्या टपावर बांधलं. लोक म्हणे मगर आहे काय. एक आजी म्हणे, सर्कस आली वाटते. अन् भोंग्यावर मी. माह्यासारखा भोंगेवाला आपल्या भागात नाही, हे तं बंडू बी मानते. दोन्ही पार्ट्यायचा प्रचार मी वीस वर्षं आलटून पालटून केला. तेच नडलं. पहिल्याच दिवशी भर चौकात माह्या तोंडातून निघालं, "आपले लाडके उमेदवार," अन् पुढे सवयीनं बंडूच्या पार्टीवाल्याचं नाव! तू मांगं हात जोडून उभा. एक मिनिट तुह्या हातजोडीवर मी दुसऱ्याले मतं मागितली. तू म्हणे, "नत्थ्या, त्याले बी थोडी मदत होऊ दे. पण आता माहं घे."

रोज दुपारी, वैशाखाच्या उन्हात, झाडाखाली ऑटो लावला की आपलं एकच भांडण. मी म्हणो, "दौलत, तू पडणार. लोक म्हणते, पडणाऱ्याले मत म्हणजे फुकट गेलं."

"अन् तू काय म्हणते?"

"मी काय म्हणणार, मी तं भोंगा आहो."

तू चिडे. म्हणे, "कंपनी फायद्यात आहे का तोट्यात, हे पाहून माणूस हजेरी लावते का? आपण आलो म्हणून लावतो. मत म्हणजे तेच आहे. मी आलो होतो, एवढंच सांगाचं."

मी म्हटलं, "तुले पगार भेटे हजेरीचा. मताचा काय भेटते?"

ते भांडण अर्धंच राहिलं गा. मी जिंकत होतो असं नाही. तुह्याकडे उत्तर होतं अन् माह्याकडे नुसतं तोंड होतं, म्हणून ते चालत राहिलं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच तुह्या घरी आलो. वयनी नवं लुगडं नेसून तयार. तू म्हणे, "तीन तं पक्के." तू, वयनी अन् मी. मी वयनीच्या समोर, तुह्या समोर, छातीवर हात ठेवून म्हटलं, "पक्के." गल्ली कशी होती ते तुनं पायलं. एका पार्टीच्या मंडपात तर्री-पोहे खाल्ले, दुसरीच्या गाडीत बसून बूथवर गेले, अन् तुह्यापुढून जाताना प्रत्येकानं बोट वर केलं. "दौलतभाऊ, तुमालेच." मास्तर म्हणे तुमालेच. वकील म्हणे तुमालेच. तू प्रत्येकाले जय भीम घालत होता, उन्हात, डोक्यावर ओला दुपट्टा टाकून.

मंग मतमोजणी. मी जाळीच्या बाहेर, लोकायच्या गर्दीत. तू आत. दोन्ही मोठ्यायचं असं खालीवर होऊन राहिलं होतं की बाहेर पोट्टे कधी या बाजूनं नाचे, कधी त्या बाजूनं. तू दुपारी बाहेर आला. तुह्या हातात एक चिठ्ठी. तू म्हणे, "आपल्या बूथची मशीन उघडली."

"मंग?"

"माह्या नावासमोर दोन."

दोन. दहा सह्या होत्या गा फॉर्मवर. साऱ्या गल्लीनं बोट वर केलं होतं. दोन.

अन् तू काही विचाराच्या आधी, दौलत, तू तोंड बी उघडलं नव्हतं तवा, मी बोललो. "एक तुहं अन् एक माहं."

तुह्या नजरेनं काय केलं ते मी पायलं. तू माह्या खांद्यावर हात ठेवला अन् तुही नजर तिथून उठून सरळ घराकडे गेली. "मंग शेवंतानं..." एवढंच म्हटलं तू. वाक्य पुरं नाही केलं. मीही नाही केलं.

संध्याकाळी निकाल. बंडूची पार्टी हारली, अन् एवढ्याशा फरकानं हारली की तुले साऱ्या शहरातून भेटलेली मतं त्याच्याहून जास्त निघाली. जिथं तुले कोणी ओळखत नव्हतं तिथल्या लोकायनं तुले मतं देल्ली. जिथं तुह्या घरचं पाणी प्याले होते, तिथं दोन. अन् बंडू तुह्या दारासमोर येऊन ओरडला, "आमची मतं खाल्ली या माणसानं!" तुह्या बूथवर दोन मतं, अन् म्हणे मतं खाल्ली. साऱ्या शहराचा राग जसा तुह्याच ओट्यावर येऊन बसला. गल्लीतले लोक खिडकीतून पाहत होते. बोट वर करणारे सारे. एकानं बी नाही म्हटलं की बंडू, घरी जा.

मी बी नाही म्हटलं. मी ऑटोच्या मांगं लपून बसलो होतो. भोंगेवाला आहो ना, भोंग्याशिवाय आवाज निघत नाही.

मंग ते चार महिने. तू ओट्यावर झोपाले लागला. वयनीसंगं तुहं बोलणं बंद, अन् बोलला तं असं, की बोलला नसता तं बरं. "मॅडम, पाणी देता का, का ते बी दुसऱ्या पार्टीले देऊन टाकलं?" वयनी पाणी ठेवून आत जाय. मी तिथंच बसलेलो, हातात कप. एक दिवस वयनी दारात उभ्या राहून बोलल्या, पहिली अन् शेवटची बार. "मी देल्लं तुमाले. नेलकटरलेच देल्लं." तू वर बी नाही पायलं. म्हणे, "मशीन खोटं बोलत नाही. अन् नत्थू खोटं बोलत नाही."

चहा गरम होता गा. मी एका घोटात पिलो. जीभ पोळली. तेवढंच.

मंग पोळा झाला, दुसऱ्या दिवशी मारबत, गावातली इडापीडा बाहेर काढाची मिरवणूक. सारं नागपूर रस्त्यावर. दरवर्षी कोण्या न् कोण्या बदमाशाचा बडग्या काढते, बांबूचा अन् कागदाचा पुतळा, अन् मिरवत नेऊन जाळते. आपल्या भागाचा बडग्या यावर्षी बंडूच्या पोट्ट्यायनं केला. तू अन् मी चौकात उभे. बडग्या आला. अंगात तुह्यासारखा निळा शर्ट, डोक्यावर दुपट्टा, अन् खांद्यावर माहं नेलकटर. माहंच, प्लायवूडचं, चांदीच्या रंगाचं. खाली पोट्टे ओरडत होते, "मतं खाणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!"

ते लाकूड बंडूनं माह्याकडूनच नेलं होतं आठ दिवसाआधी. म्हणे, पडलं आहे तं दे. मी देल्लं. कशाले पायजे, हे बी नाही विचारलं. घरात जागा अडत होती, अन् मी रोज रात्री त्याच्याकडे पाठ करून झोपो.

मले वाटलं आता तू मले मारशीन. तू हसला. चार महिन्यांत पहिल्यांदा. म्हणे, "नत्थ्या, तुही मगर चालली पाय." मंग बडग्या उचलणाऱ्यायले मोजत होता तू बोटावर. म्हणे, "दहा जण आहे. माह्या फॉर्मवर बी दहाच होते. जाळाच्या वेळेस एकही कमी नाही पडला पाय."

त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी तू ओट्यावर भिंतीले टेकून बसला होता. वयनीनं चहा आणून ठेवला. थोड्या वेळानं आतून म्हटलं, "चहा थंडा होऊन राहिला." तू बोलला नाही. वयनीले वाटलं रोजचंच आहे. तू तसाही कुठं बोलत होता. त्या कामाले लागल्या. मी आलो तवा कपावर साय धरली होती. मी म्हटलं, "काय गा, मगर चावली का?" अन् तुह्या खांद्याले हात लावला.

डॉक्टर म्हणे, घंटाभर झाला असन. एक घंटा, दौलत. तू गेला आहे हे तुह्या बायकोले एक घंटा समजलं नाही, कारण तू जिता असता तरी बोलला नसता.

तुले आंघोळ घालताना तुहा डावा हात मीच धरला होता. बोटावरची शाई नखासंगं वाढत वाढत टोकाले आली होती. कापाच्या जागी एक काळी रेघ. चार महिने तू ते नख नीट कापत राहिला अन् ती रेघ मांगून येतच राहिली. माही मी कधीचीच घासून घासून काढली होती, नख रक्त येईस्तोवर कापून. लोकायले म्हणो, ऑटोच्या ग्रीसनं गेली.

वयनी, आता जे सांगतो ते बी लिवा. थांबू नका.

दौलत, मी तुले मत देल्लं नाही.

बोट नेलकटरवर गेलं होतं, खरंच गेलं होतं. अकराव्या नंबरवर होतं ते, पार खाली. मंग मी वर पायलं. तुले सांगतो मले काय वाटलं. मी कोण्ती परीक्षा देल्ली नाही जिंदगीत. पण मत देतो तं जो येणार आहे त्याले देतो, अन् निकालाच्या दिवशी छाती फुगवून सांगतो, आपला आला. तेवढ्या एकाच परीक्षेत मी आजवर पास होत आलो. मले वाटलं तू तं पडणारच आहे, मंग माहा निकाल काहून बिघडवा? मी बंडूच्या माणसाले दाबलं. बाजूच्या डब्ब्यात चिठ्ठी दिसते ना काचेतून, ते चिन्ह थोडा वेळ माह्याकडे पाहत राहिलं, मंग खाली पडलं. अन् तो बी हारला! तुले सोडून ज्याले देल्लं तो बी पडला. माह्यासारखा नापास साऱ्या नागपुरात नसन.

ती दोन मतं म्हणजे एक तुहं अन् एक वयनीचं. वयनी खऱ्या होत्या. मी खोटा होतो. रोज सकाळी वाटे आज सांगतो. पण तू म्हणे नत्थू खोटं बोलत नाही, अन् मले ते ऐकाले इतकं गोड लागे, की त्याच्यासाठी मी तुहं घर मोडत राहिलो. मले दुसऱ्या कोणी कधी असं म्हटलंच नव्हतं.

इथं लिवणं बंद पडलं होतं गा. त्या वेळात काय झालं ते आता लिवाले सांगून राहिलो.

वयनीनं पेन वहीवर आडवं ठेवलं. मी खाली मुंडी घालून बसलो. मले वाटलं वही फेकून मारते, लाटणं आणते. मी म्हटलं, "वयनी, मारा, पण बोला."

वयनी म्हणे, "मले त्याच दिवशी माहीत होतं."

"कसं?"

"कसं म्हणजे? मी देल्लं होतं. त्यायनं तं स्वतःले देल्लंच असन. झाले दोन. मंग राहिलं कोण, भाऊजी?"

चार महिने, दौलत. चार महिने मी समजत होतो की हे फक्त मले माहीत आहे. एवढा साधा हिशेब, अन् मले आला नाही. चार महिने त्या मले रोज चहा देत होत्या, साखर बरोबर टाकून, अन् मी पीत होतो, अन् त्यायले माहीत होतं.

मी म्हटलं, "मंग दौलतले सांगतलं काहून नाही, की नत्थू खोटा आहे?"

"मी माहं खरं सांगतलं, तुमच्या समोरच. तेवढं पुरे व्हाले पायजे होतं. माह्या घरी राहून मी अजून प्रचार कराचा का?" मंग खिडकीकडे पाहून म्हणे, "एकीकडे मी होती, एकीकडे तुमी. त्यायनं तुमाले निवडून देल्लं, भाऊजी. मी पडली."

  

मी म्हटलं, "वयनी, हे सारं खोडून टाका. मास्तर चांगलं चांगलं लिवून देईन. कष्टाळू होता, मनमिळाऊ होता."

"काहून खोडू? साऱ्या गल्लीत हे एकच खरं लिवलेलं आहे." पेन पुन्हा उचललं. "पुस्तिका कोणी वाचत नाही. त्या दिवशी मीच उभी राहून वाचून दाखवते. तो मास्तर बसला राहीन समोर, अन् तो वकील, अन् सारे बोट वर करणारे. तुमी बी या. समोर बसा."

येतो गा. समोर बसतो. उशीर नाही करणार. तुह्या कंपनीत पाच मिनिटं उशीर झाला तं अर्धी हजेरी धरत होते. चार महिने उशीर झाला तं किती धरते, हे विचाराले आता तू नाही.

वकील सांगून गेला होता की खाली माही सही पायजे. मी म्हटलं करतो. 'न' काढला, बऱ्यापैकी आला. पुढच्या अक्षरावर हात थांबला.  वयनी उठून आतून तुह्या निवडणुकीतलं शिक्क्याचं पॅड घेऊन आल्या. सुकलं होतं. त्याच्यावर दोन थेंब पाणी टाकलं, अन् माह्यासमोर सरकवलं.

म्हणे, "डावा अंगठा, भाऊजी. अन् या बारीनं नीट दाबा."